सांगाल त्या बेरजेचा मायाचौरस कसा भरावा

समोरच्या व्यक्तीने ३४ ते १०० यांमधली कोणतीही संख्या सांगावी आणि आपण अर्ध्या मिनिटात सोळा घरांचा असा चौरस भरून द्यावा, की त्यातील प्रत्येक आडव्या, उभ्या आणि कर्णाच्या ओळीची बेरीज तीच संख्या येईल, हा प्रयोग पाहणाऱ्याला अफाट पाठांतराचा किंवा तोंडी हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यासाठी चार आकड्यांच्या जागा लक्षात ठेवाव्या लागतात, बुद्धिबळातील दोन मोहऱ्यांच्या चाली माहीत असाव्या लागतात आणि एक वजाबाकी करावी लागते.

मूळ चौरस

प्रयोगाचा पाया म्हणून आपण खजुराहोच्या पार्श्वनाथ जैन मंदिरात कोरलेला चौरस घेऊ. त्यात १ ते १६ या संख्या एकेकदाच आल्या आहेत. त्यांची एकूण बेरीज १३६ होते आणि ती चार ओळींत सारखी वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला ३४ येतात. म्हणून त्याला चौतिसा यंत्र असे नाव आहे.

७   १२   १   १४
२   १३   ८   ११
१६   ३   १०   ५
९   ६   १५   ४

चार आडव्या ओळी, चार उभ्या ओळी आणि दोन कर्ण एवढ्यावर या चौरसाचे गुण संपत नाहीत. कागदाची सुरळी करून उजवी कडा डाव्या कडेला जोडली, तर कर्णांखेरीज आणखी सहा तिरप्या ओळी मिळतात. उदाहरणार्थ १२, ८, ५ आणि सुरळीवरून पलीकडे गेल्यावर ९. यांना तुटके कर्ण म्हणू. त्यांचीही बेरीज ३४ येते. शिवाय एकमेकांना लागून असलेल्या कोणत्याही चार घरांचा ठोकळा घ्या, मग तो कडेवरून पलीकडे गेलेला का असेना, त्याचीही बेरीज ३४ येते. असे ठोकळे सोळा आहेत आणि चार कोपऱ्यांची घरे हाही त्यांतलाच एक. म्हणजे एकूण ३२ प्रकारे ३४ मिळतात.

अशा सर्व बाजूंनी जुळणाऱ्या चौरसांचा अभ्यास नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’च्या भद्रगणित या प्रकरणात केला आहे आणि १ ते १६ या संख्यांचे असे ३८४ चौरस होतात, असे नोंदवले आहे. फ्रान्समधील फ्रेनिकल दे बेसी यांनी सोळा घरांच्या अशा सर्व मायाचौरसांची मोजदाद केली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये छापली गेली. फिरवून किंवा आरशात पाहून मिळणारे चौरस एकच धरले, तर ती संख्या ८८० भरते. त्यांपैकी तुटक्या कर्णांतही जुळणारे ४८ आहेत. प्रत्येक चौरस आठ तऱ्हांनी मांडता येत असल्यामुळे ४८ गुणिले ८ म्हणजे ३८४. नारायण पंडितांचा आकडा तंतोतंत जुळतो, ही गोष्ट मला आजही चकित करते.

चार जागा, एक घोडा, एक उंट

सोळा आकडे पाठ करण्याची मुळीच गरज नाही. पहिल्या ओळीच्या पहिल्या व तिसऱ्या घरात अनुक्रमे ७ आणि १, तर तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या व चौथ्या घरात अनुक्रमे ३ आणि ५, एवढेच लक्षात ठेवावे. ‘सात-एक, तीन-पाच’ असे दोनचारदा म्हटले की ते बसते.

७   –   १   –
–   –   –   –
–   ३   –   ५
–   –   –   –

आता या प्रत्येक विषम आकड्यावरून घोडा एक घर खाली आणि दोन घरे बाजूला न्यावा. एका बाजूला दोन घरे शिल्लकच नसतात, त्यामुळे डावीकडे की उजवीकडे, असा प्रश्न पडत नाही. घोडा जिथे उतरेल तिथे पुढचा सम आकडा लिहावा : १ वरून २, ३ वरून ४, ५ वरून ६ आणि ७ वरून ८. जुन्या भारतीय गणितात या पद्धतीला तुरगगती म्हणत.

७   –   १   –
२   –   ८   –
–   ३   –   ५
–   ६   –   ४

उरलेली आठ घरे उंटाने भरायची. प्रत्येक भरलेल्या घरापासून तिरपे दोन घरे गेले की एकच रिकामे घर सापडते, आणि तिथे मूळचा आकडा १७ मधून वजा करून लिहायचा. पहिल्या ओळीतील ७ पासून तिरपे दोन घरे खाली गेल्यावर १० येतात, १ पासून १६, ८ पासून ९. हा ‘उंटाचा जोडीदार’ पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून कागद घेऊन तीनचार वेळा चौरस स्वतः भरून पाहावा. वाचून हात बसत नाही.

सांगितलेली संख्या आणणे

समजा, समोरच्याने ४७ सांगितले. ४७ मधून ३४ वजा केल्यावर १३ उरतात. हे १३ चौरसातील फक्त चार संख्यांत मिळवायचे : १३, १४, १५ आणि १६. त्यांच्या जागी २६, २७, २८ आणि २९ येतात.

७   १२   १   २७
२   २६   ८   ११
२९   ३   १०   ५
९   ६   २८   ४

हे का जुळते, ते या चार संख्यांच्या जागा पाहिल्यावर कळते. त्या घरांत चार हत्ती ठेवले, तर कोणताही हत्ती दुसऱ्याला मारू शकत नाही, कारण प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत नेमका एकच हत्ती आहे. त्याशिवाय दोन्ही मोठ्या कर्णांवरही एकेकच हत्ती आहे. एकावर १३ च्या घरातला, दुसऱ्यावर १४ च्या घरातला. म्हणून प्रत्येक ओळीच्या पदरात वाढीव १३ एकदाच पडतात आणि ३४ चे ४७ होतात. चौरसाचे सगळे मर्म या सारख्या वाटणीत आहे : जे वाढवायचे, ते प्रत्येक ओळीला सारखेच मिळेल अशा घरांत वाढवायचे.

प्रयोग करताना बारा घरे आधी भरून ठेवावीत आणि ही चार घरे रिकामी ठेवून मग संख्या विचारावी. संख्या ३४ पेक्षा लहान असेल, तर कोणता तरी आकडा दोनदा येतो (३३ सांगितले, तर १३ चे १२ होतात आणि १२ तर चौरसात आधीच आहेत), म्हणून खालची मर्यादा आधीच सांगून टाकावी.

संख्या मोठी असली की दुसरीच अडचण येते. १०० साठी वरीलप्रमाणे केले, तर चार घरांत ७९ ते ८२ आणि बाकीच्या बारा घरांत १ ते १२ असे दृश्य दिसते व चाणाक्ष प्रेक्षकाला युक्ती लगेच कळते. अशा वेळी १०० मधून ३४ वजा करून आलेल्या ६६ ला ४ ने भागावे. भागाकार १६ आणि बाकी २. सोळाही घरांत १६ मिळवावेत, म्हणजे प्रत्येक ओळीत ६४ वाढतात, आणि उरलेले २ त्या चार हत्तींच्या घरांत द्यावेत.

२३   २८   १७   ३२
१८   ३१   २४   २७
३४   १९   २६   २१
२५   २२   ३३   २०

आता सर्व संख्या १७ ते ३४ यांच्या दरम्यान आहेत आणि कोठे हात मारला आहे, ते नजरेला कळत नाही. भागाकार तोंडी करणे जड वाटत असेल, तर संख्या ६० पर्यंतच मागावी. चोरी उघडी पडण्याइतका फरक तेथे दिसत नाही.

जिथे माझी फजिती झाली

एका स्नेहसंमेलनात मी ४७ चाच चौरस फळ्यावर भरला होता आणि उत्साहाच्या भरात सांगून टाकले, की यातला कोणताही चार घरांचा ठोकळा घ्या, बेरीज ४७ च येईल. पाचवीतली एक मुलगी फळ्याजवळ आली, डाव्या कडेच्या मधल्या ठोकळ्यावर बोट ठेवून तिने २, २६, २९ आणि ३ हे आकडे शांतपणे मिळवले आणि म्हणाली, “सर, इथे तर साठ येतात.” तिचे बरोबर होते. उजव्या कडेच्या मधल्या ठोकळ्यात ८, ११, १० आणि ५ मिळून ३४ च राहिले होते.

चूक चौरसाची नव्हती, माझ्या बोलण्याची होती. डावीकडच्या त्या ठोकळ्यात दोन हत्ती आहेत, म्हणून तेथे वाढ दोनदा मिळाली. उजवीकडच्या ठोकळ्यात एकही हत्ती नाही, म्हणून तेथे काहीच मिळाले नाही. हत्ती फक्त ओळींची आणि दोन मोठ्या कर्णांची हमी देतात. मूळच्या ३२ प्रकारांपैकी या पद्धतीत २४ टिकतात : आठ ओळी, दोन कर्ण, सहापैकी दोन तुटके कर्ण आणि सोळापैकी बारा ठोकळे. तेव्हा कोपऱ्यांचे चार ठोकळे, अगदी मधला ठोकळा आणि चार कोपरे एवढेच बोटाने दाखवावे आणि ‘कोणताही’ हा शब्द टाळावा.

वयाचा चौरस

सर्व ३२ प्रकार टिकवायचे असतील, तर वाढ चार घरांऐवजी आठ घरांत द्यावी लागते. ९ ते १६ ही आठ घरे पाहा : प्रत्येक ओळीत, प्रत्येक कर्णात, तुटक्या कर्णात आणि प्रत्येक ठोकळ्यात त्यांपैकी नेमकी दोन येतात. त्यामुळे वाढीचा अर्धा भाग या प्रत्येक घरात दिला, की कोणालाही कमीजास्त मिळत नाही. अट एवढीच, की सांगितलेली संख्या सम हवी. सम संख्या मागणे मात्र संशयास्पद दिसते, म्हणून मी वय विचारतो आणि वयाच्या दुपटीचा चौरस भरतो.

त्यात हिशेबही अगदी सोपा होतो. ‘सात-एक, तीन-पाच’ आणि घोडा वापरून १ ते ८ भरावेत. मग उंटाच्या जोडीदाराच्या घरात १७ मधून वजा करण्याऐवजी वयातून वजा करून लिहावे. वय ४३ असेल, तर चौरस असा होतो :

७   ३८   १   ४०
२   ३९   ८   ३७
४२   ३   ३६   ५
३५   ६   ४१   ४

प्रत्येक ओळीची बेरीज ८६ आहे. माझी फजिती करणारा ठोकळाही आता २, ३९, ४२ आणि ३ मिळून ८६ देतो. शिवाय उंटाची कोणतीही जोडी, जसे ७ आणि ३६ किंवा ५ आणि ३८, थेट ४३ देते, त्यामुळे प्रयोगाच्या शेवटी ‘आणि हे तुमचे वय’ असे म्हणून आठ जोड्या दाखवता येतात. पडताळा घ्यायचा असेल, तर वयाला ‘व’ म्हणा. पहिली ओळ ७, (व – ५), १, (व – ३) अशी आहे. ७ आणि १ मिळून ८, वजा होणारे ५ आणि ३ मिळूनही ८, म्हणून मागे फक्त २व उरतात. बाकीच्या ओळींतही अशीच ८ ला ८, १० ला १० किंवा ९ ला ९ अशी फिटंफाट होते. वय किमान १७ हवे. आजोबांचे वय ७० असेल आणि १ ते ८ या आकड्यांशेजारी साठीतले आकडे विचित्र दिसत असतील, तर १ ते ८ ऐवजी २१ ते २८ भरून सुरुवात करावी. जोडीदार तसेच ७० मधून वजा करून लिहावेत.

आठ संख्यांवर उभी असलेली ही रचना फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या गंधयुक्ती या प्रकरणात सुगंधी द्रव्ये मिसळण्यासाठी सोळा घरांचा चौरस दिला आहे. त्यात १ ते ८ हे आकडे दोनदोनदा येतात आणि प्रत्येक ओळीची बेरीज १८ होते. घरातला आकडा म्हणजे त्या द्रव्याचे भाग. कोणतीही ओळ निवडली तरी मिश्रणाचे एकूण १८ भागच होतात.

२   ३   ५   ८
५   ८   २   ३
४   १   ७   ६
७   ६   ४   १

चौतिसा यंत्रातल्या ८ पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येतून ८ वजा करून पाहा. तिथेही १८ बेरजेचाच चौरस उरतो.

विषम संख्येसाठी असा सर्वांगी चौरस का नाही?

कोणी हुशार प्रेक्षक विचारेल, की ४७ साठी सगळे ३२ प्रकार जुळवून दाखवा. पूर्णांकांत ते अशक्य आहे आणि कारण चार ओळींत सांगता येते. बेरजेला ‘ब’ म्हणू. पहिल्या ओळीचे पहिले घर आणि तिसऱ्या ओळीचे तिसरे घर, या उंटाच्या जोडीची बेरीज ‘क’ समजू. पहिल्या ओळीचे तिसरे आणि तिसऱ्या ओळीचे पहिले घर मिळून ‘ख’ समजू, आणि दुसऱ्या व चौथ्या ओळींतील दुसरी व चौथी अशी चार घरे मिळून ‘ग’ समजू. ‘क’ च्या जोडीतून दोन तिरप्या ओळी जातात, एक मोठा कर्ण आणि एक तुटका, आणि त्या दोन्ही मिळून ‘ग’ ची चारही घरे एकेकदा व्यापतात; म्हणून २क + ग = २ब. तसेच २ख + ग = २ब, म्हणजे क आणि ख समान. आता दुसरी व चौथी आडवी ओळ एकत्र घ्या आणि पहिली व तिसरी उभी ओळ एकत्र घ्या. दोन्हींची बेरीज २ब आहे आणि त्यांना सामाईक असलेली चार घरे वगळली, तर एकीकडे ग उरतो आणि दुसरीकडे क + ख. म्हणून ग = २क, आणि मग ४क = २ब. क हा ब च्या निम्मा येतो, आणि ४७ ची निम्मी पूर्ण संख्या नाही.

जन्मतारखेचा चौरस

पहिल्या ओळीत एखाद्याची जन्मतारीख यावी, असा चौरस वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर छान दिसतो. वाटणीचे तत्त्व तेच, पण येथे पहिल्या ओळीतील चारही संख्या दिलेल्या असतात. त्यांना अ, ब, क, ड म्हणू आणि बाकीच्या ओळी अशा भरू :

अ   ब   क   ड
ड+१   क–१   ब–३   अ+३
ब–२   अ+२   ड+२   क–२
क+१   ड–१   अ+१   ब–१

प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत आणि दोन्ही कर्णांवर अ, ब, क, ड ही चारही अक्षरे एकेकदा येतात आणि सोबतच्या अधिक-उण्या आकड्यांची बेरीज शून्य होते. सचिन तेंडुलकर यांची जन्मतारीख २४ एप्रिल १९७३, म्हणजे २४, ४, १९, ७३. बेरीज १२० :

२४   ४   १९   ७३
७४   १८   १   २७
२   २६   ७५   १७
२०   ७२   २५   ३

सोळाही संख्या वेगळ्या आल्या, हा तारखेचा योग समजावा. दरवेळी तसे होईलच असे नाही. १५ ऑगस्ट १९४७ घेतली, तर १८ दोनदा येतात, कारण क–१ आणि अ+३ सारखे होतात. बेरजा तरीही चुकत नाहीत. जानेवारी ते मार्च या महिन्यांत मात्र ब–३ शून्य किंवा ऋण होतो. त्यावर उपाय असा, की महिना ‘अ’ च्या घरात घ्यावा, कारण ‘अ’ मधून कोठेच काही वजा होत नाही. मराठी भाषा गौरव दिन म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी १९१२. तारीख आधी लिहिली, तर दुसऱ्या ओळीत उणे एक येतो; महिना आधी लिहिला, तर ६० बेरजेचा हा स्वच्छ चौरस मिळतो :

२   २७   १९   १२
१३   १८   २४   ५
२५   ४   १४   १७
२०   ११   ३   २६